शांतता कापायचं बटण

माझी एक खोड आधीच सांगून टाकते. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की त्याचं वाक्य मी पुरं करते. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्याचा हा परिणाम असावा. वर्गात एखादं मूल उत्तर देताना अडखळलं की बाकीची पस्तीस चुळबुळायला लागतात, मग मी घाईघाईने पुढचा शब्द त्याच्या तोंडात सरकवते. घरीही तेच. माझा नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलायला माणसाला अर्धंच तोंड लागतं. तर अशा बाईच्या हातात गेल्या वर्षी कुणीतरी शांतता कापायचं बटण दिलं, आणि व्हायचं ते झालं.

त्याचं असं झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आम्हा शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय, मुलांच्या इतिहास प्रकल्पांसाठी फुकट मिळणारी डिजिटल साधनं. अशा प्रशिक्षणांना मी तपासायच्या वह्या घेऊन मागच्या बाकावर बसते. पण शिकवायला आलेली मुलगी हुशार निघाली. तिने फोनवर दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड केला, एका वेबसाइटवर चढवला, खाली चार फोटो ओळीने लावले, आणि बघता बघता त्याची छोटीशी फिल्म तयार झाली. नकाशावर टाचण्या टोचून प्रत्येक टाचणीखाली आवाज ठेवता येत होता. फुकटात तीनच मिनिटांची फिल्म करता यायची आणि कोपऱ्यात त्या वेबसाइटचा शिक्का राहायचा, एवढीच अट. शेवटी तिने ते बटण दाखवलं. बोलणारा जिथे जिथे गप्प बसलाय तेवढा भाग मशीन आपोआप कापून टाकतं. मी वह्या मिटल्या. एवढ्या वर्षांत माझ्या मनासारखं यंत्र पहिल्यांदा बघत होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी मी नववीला प्रकल्प दिला. दोघादोघांनी मिळून एका म्हाताऱ्या माणसाला भेटायचं, त्याने केलेलं पण आता कुणी करत नाही असं एखादं काम निवडायचं, त्याला बोलतं करायचं आणि तीन मिनिटांची गोष्ट बनवायची. पुठ्ठ्यावर किल्ले चिकटवून दरवर्षी कंटाळलेली मुलं खूश झाली. कुणाला दूधकेंद्रावर बसणारी आजी मिळाली, कुणाला टाइपरायटर दुरुस्त करणारे काका. दोन मुली तेवढ्या हात हलवत आल्या. एक आमची मॉनिटर, तोंडाने फटाकडी, आणि दुसरी चष्मेवाली, जिचा आवाज मी हजेरीच्या वेळेपुरताच ऐकला होता. दोघींचेही आजीआजोबा गावाला.

"बाई, तुमच्या घरी कोण नाही का?" मॉनिटरने विचारलं.

"आमचे बाबा आहेत, पण ते काही बोलत नाहीत," मी म्हणाले.

"मग त्यांनाच बोलतं करू ना!"

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा मूळचे कोकणातले, तरुणपणापासून परळच्या बाजूला एका गिरणीत साचेवाला होते. माग म्हणजे त्यांच्या भाषेत साचा. आम्ही तेव्हा घाटकोपरला डोंगराच्या कुशीत एका खोलीत राहायचो. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत वॉचमनची नोकरी धरली आणि तीही निमूटपणे पार पाडली. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी त्यांना मुलुंडला माझ्याकडे आणलं. साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान तरुणपणीच गेले होते. मी हौसेने कानाचं मशीन आणलं, ते पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात जाऊन पडलं. बाबा दिवसभर खिडकीत बसायचे. मधूनच त्यांचे हात हलायचे, बोटं वळायची, एक तळवा दुसऱ्यावर घासायचा. वयाने होतं असं, असं म्हणून आम्ही त्याची सवय करून घेतली होती.

आणि ज्या आठवड्यात मुलींनी विचारलं, त्याच आठवड्यात बाबांनी जेवताना जाहीर केलं होतं, "गणपतीक गावाक गेलंय की मी थयच रवतलंय."

तिथेच राहणार म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे, गावच्या घरात. मी विचारलं, इथे काय कमी आहे? त्यांनी ताटातला हात तसाच ठेवला आणि म्हणाले, "हय माझ्याशी कोण बोलता?"

मला झोंबलं. मी बोलत नाही? मी सकाळपासून ओरडत असते! जेवलात का, गोळी घेतली का, पंखा लावू का, अंघोळीचं पाणी काढलंय! पलीकडच्या इमारतीतल्या बायकांनासुद्धा बाबांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ झाल्यात. भाऊ फोनवर म्हणाला, "पाठव गं ताई, इथे अंगणात माणसं येतात जातात." त्याचं बरोबर होतं म्हणून तर आणखी राग आला. मला बाबा जायला नको होते. आई अचानक गेली होती, तिच्याशी बोलायचं राहून गेलं होतं. बाबा तरी माझ्याकडे असावेत, एवढीच माझी इच्छा होती. पण हे सरळ बोलायचं सोडून मी भांडी जरा जास्तच आपटली. नवऱ्याने गुपचूप गणपतीच्या जादा गाडीचं तिकीट काढून आणलं. जायचं. परतीचं काढायचं बाबा नको म्हणाले होते.

मुली शनिवारी शाळा सुटल्यावर आल्या. दारातच मी त्यांना बजावलं, "त्यांचे हात मधेच हलतात. तिकडे बघत बसू नका, त्यांना वाईट वाटेल. आवाज तेवढा नीट घ्या." आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, सगळ्या प्रकल्पात मी केलेली एकमेव स्पष्ट सूचना हीच, आणि तीच नेमकी चुकीची.

त्यांनी फोन टेबलावर उताणा ठेवला, खाली रुमाल घातला आणि विचारायला सुरुवात केली. प्रश्न मी मोठ्या अक्षरात लिहून दिले होते, ते त्या एकेक कागद पुढे करून दाखवत होत्या. आश्चर्य म्हणजे बाबा बोलायला लागले. मी स्वयंपाकघरात घावणे घालत होते आणि एक कान बाहेर. चार वाक्यं यायची, मग गप्प. मग पुन्हा एखादं वाक्य, मग बराच वेळ गप्प. मला राहवेना. आठवत नसेल त्यांना, जरा आठवण करून द्यावी म्हणून मी उलथणं घेऊन बाहेर आले, तर चष्मेवालीने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मला, तिच्या वर्गशिक्षिकेला! मी मुकाट्याने आत गेले आणि तोवर एक घावणा करपला.

सोमवारी संगणकाच्या खोलीत मी स्वतः दोघींच्या मागे उभी राहिले. पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. मी म्हटलं, दाबा ते बटण. मॉनिटरने दाबलं. पट्टी आक्रसत आक्रसत अकरा मिनिटांवर आली. मी विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहिलं. अकराची तीन करायला फार वेळ लागला नाही. वेबसाइटच्या फुकट साठ्यातून एका मागाचं चित्र घेतलं, मागे गिटारचं संगीत आपोआप लागलं, आणि फिल्म तयार. बाबा त्यात तुरुतुरु बोलत होते. भोंगो झालो. खात्यात गेलंय. मग मी म्हटलंय. तो म्हणालो. मग मी म्हटलंय. जॉबर इलो. तो म्हणालो. मी म्हटलंय. कोण काय म्हणालं ते कुठेच नव्हतं. वर्गाला दाखवली तेव्हा मुलं खो खो हसली, आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले. "झकास झालंय," असंही म्हणाले.

संध्याकाळी घरी जाऊन बाबांच्या कानात मशीन बसवलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. वाटलं होतं, खूश होतील. ते चित्राकडे बघत राहिले.

"ह्यो साचो खयचो? आमच्या गिरणीत असो नव्हतो."

मग त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला. पूर्ण तीन मिनिटं ऐकला. संपल्यावर कानातलं मशीन काढलं, पुसलं, पेढ्यांच्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं.

"ह्यो मी नाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. गणपतीला तीन आठवडे होते. मी चिडले. एवढ्या मुलींनी एवढी मेहनत घेतली, एक शब्द कौतुकाचा नाही! नवरा म्हणाला, "त्यांना आवडलं नाही तर नाही आवडलं, तू का रडतेस?" मी म्हटलं, रडत नाहीये. मी रडत होते.

शाळेत मी त्या दोघींना तुटकपणे सांगितलं की आजोबांना फिल्म पटली नाही, जाऊ दे, आता बदलायला नको. मॉनिटर "वाट लागली" म्हणून मोकळी झाली. चष्मेवाली मात्र मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आतबाहेर करायला लागली तेव्हा मीच विचारलं, काय गं?

"बाई, मी पहिलं रेकॉर्डिंग पुसलं नाहीये. पूर्ण ऐकलं. दोनदा."

"मग?"

"आजोबा असेच कधी पण मधेच गप्प नाही बसत. 'मी म्हटलंय' बोलल्यावरच बसतात. नाहीतर 'तो म्हणालो' बोलल्यावर." ती थांबली. मी तिचं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, पण मला पुढचा शब्दच माहीत नव्हता. मग तीच म्हणाली, "आणि तेव्हाच त्यांचे हात हलतात. मला वाटतं ते तेव्हा बोलतात, बाई. हातांनी."

"हातांनी कोण बोलतं?"

तिने क्षणभर चपलेकडे पाहिलं. "आम्ही बोलतो ना. तासाला. तुम्ही फळ्यावर लिहिता तेव्हा."

"माझ्या तासाला?"

"तुमच्या तासाला पण," ती म्हणाली, आणि तिने दोन हात असे काही झटकन फिरवले की त्याचा अर्थ विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सगळी पन्नास मिनिटं ऐकली. बटण न दाबता. मधल्या रिकाम्या जागा मला आयुष्यात एवढ्या लांब वाटल्या नव्हत्या. पण त्या रिकाम्या नव्हत्याच. खुर्ची करकरत होती. तळवा तळव्यावर घासल्याचा आवाज येत होता, मधे टिचकी वाजली, खुर्चीच्या हातावर दोनदा चापट पडली. एकदा बाबा हसले, आणि बरोबर मुलीही हसल्या. काहीतरी छान घडलं होतं, माझ्याच घरात, माझ्यापासून दहा पावलांवर, आणि मी ते बटण दाबून फेकून दिलं होतं. इतिहास शिकवते मी. मुलांना सांगते, पुरावा नीट बघा, घाईने निष्कर्ष काढू नका.

पुढच्या शनिवारी दोघी पुन्हा आल्या. या वेळी फोन उभा ठेवला, तांदळाच्या डब्याला टेकवून, बाबांचे हात पूर्ण दिसतील असा. चष्मेवालीने एकच कागद लिहून आणला होता. त्यावर लिहिलं होतं: "मग मी म्हटलंय — काय म्हटलंत?"

बाबांनी कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला काय सांगायचंय ते—" त्यांनी हात वर केला.

"गप रव गो जरा," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. साचेखात्यात शेकडो साचे एकाच वेळी चालायचे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथे कुणी ओरडतच नसे. साचेवाले हातांनी बोलायचे आणि ओठ वाचायचे. नवा माणूस आला की पहिले पंधरा दिवस बहिऱ्यासारखा वावरायचा, मग हळूहळू शिकायचा. जॉबर येतोय, म्हणजे देखरेख करणारा येतोय, हे सांगायला मिशीला पीळ द्यायचा, मग त्या जॉबरला मिशी असो वा नसो. धागा तुटला तर दोन तर्जन्या एकमेकींपासून लांब. गावचं पत्र आलं तर तळव्यावर बोटाने रेघोट्या. कुणाला मूल झालं तर दोन्ही हातांचा पाळणा, आणि मग बोट नाकाला लागलं तर मुलगी, कारण नथ. संप म्हणजे दोन मनगटं एकमेकांवर आडवी. ते करून दाखवताना बाबांची मनगटं जरा जास्त वेळ तशीच राहिली.

बाजूच्या साच्यांवर एक साताऱ्याकडचा माणूस होता. बाबा आणि तो अठरा वर्षं शेजारी उभे राहिले. एकमेकांच्या घरची सगळी दुखणी, लग्नं, भांडणं त्यांना ठाऊक होती.

"आणि सुट्टी झाल्यावर? एकत्र चहा प्यायला जायचात?" मॉनिटरने कागदावर खरडून विचारलं.

बाबा हसले. "फाटकाच्या भायर इलाव की आमका काय बोलाचा तां सुचायचाच नाय. तो आपलो बिडी ओढत उभो, मी आपलो उभो. मग तो आपल्या वाटेन, मी आपल्या वाटेन. दुसऱ्या दिवशी साचो सुरू झालो की परत सुरू."

मुली हसून हसून लाल झाल्या. मग चष्मेवालीने विचारलं, सगळ्यात जास्त काय बोलायचात? बाबांना विचार करावा लागला नाही. त्यांनी दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली, तीच पुढे वळवून समोरच्या दोन बाजूंना दाखवली, हवेत बोट एकदा गोल फिरवलं आणि तळवा छातीवर टेकवला.

"माझे साचे बघ, परत येतंय मी," ते म्हणाले. "पानी पिऊक, लघवीक, खय पण जावचा झाला तर साचे एकटे कशे सोडायचे? बाजूच्याक सांगायचा. आनि तो असो करायचो." त्यांनी उजवा तळवा छातीवर सपाट ठेवला आणि मान एकदा हलवली. "म्हंजे जा तू. बघतंय मी."

मी उभी होते ती खाली बसले.

ती खूण मी लहानपणी रोज पाहिली होती. घाटकोपरच्या खोलीत आई स्टोव्हला पंप मारत असायची, स्टोव्ह भरभरत असायचा, आणि बाबा पाळीला निघताना दारात वळून हे असं काहीतरी करायचे. मला वाटायचं, देवाच्या फळीला घाईघाईत नमस्कार करतात. आई मान वर करून छातीवर हात ठेवायची. मला वाटायचं, पदर सावरते. मरोळच्या नोकरीला जातानाही ते असंच करून जायचे. आई गेल्यापासून मी ते एकदाही पाहिलं नव्हतं, आणि ते थांबलंय हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आईला येत होतं हे?" मी विचारलं. बाबांनी माझे ओठ वाचले.

"तुझ्या आवशीक मीच शिकयलंय. लगीन झाल्यावर. ती आधी हसायची."

मी दोन विद्यार्थिनींसमोर तोंड फिरवून रडले. आणि ते लपवायला, फोनची बॅटरी किती आहे बघा आधी, तुमचं लक्ष कुठे असतं, असं त्यांच्यावरच खेकसले. दोघी शहाण्या. लगेच बॅटरी बघायला गेल्या.

नवी फिल्म त्यांनी स्वतः केली, मला संगणकाच्या खोलीत येऊ दिलं नाही. तीन मिनिटांची अट होती म्हणून तीनतीन मिनिटांचे चार तुकडे केले. गिटार काढून टाकली. बाबांचा आवाजही बहुतेक ठिकाणी काढला. फक्त हात, चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरात अर्थ. शांतता कापायच्या बटणाकडे कुणी फिरकलं नाही.

गणपतीआधीच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. मी आखणी करताना एक गोष्ट विसरले होते. अठरा फिल्म, अठरा टेबलं, मागून आणलेले लॅपटॉप आणि फोन, आणि सगळ्यांचा आवाज एकदम. त्यात पालक, भावंडं, मुख्याध्यापिकांचा माइक, बाहेर मैदानात लेझीमचा सराव. टाइपरायटरवाले काका ऐकू येईनात, दूधकेंद्रावरची आजी ऐकू येईना. मुलं लॅपटॉपला कान लावून बसलेली. मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आवाज कमी करा, आवाज कमी करा असं ओरडत फिरत होते आणि माझाही आवाज कुणाला पोचत नव्हता.

एकाच टेबलाभोवती गर्दी शांत उभी होती. तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतंच, बघायचं होतं. बाबा स्वतः शेजारी खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्या सबंध हॉलमध्ये समोरच्याचं सगळं कळणारा माणूस तो एकटाच होता. पाचवीतली पोरं रांग लावून त्यांच्याकडून मिशीला पीळ द्यायला शिकत होती. मुख्याध्यापिका तिकडे येताना दिसल्या तशी सात-आठ पोरांनी एकदम मिशा पिळल्या आणि बाबा एवढ्या मोठ्याने हसले की ते मला हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. मॉनिटरने लांबून दोन बोटं डोळ्यांशी नेऊन मला काहीतरी विचारलं. मी छातीवर हात ठेवला. ती पाणी प्यायला पळाली आणि मी तिचं टेबल सांभाळत उभी राहिले. मला इतकं बरं वाटत होतं की कुणाचा आवाज कमी करायचं मी सोडून दिलं.

मुली दुसऱ्यांदा येऊन गेल्या त्या शनिवारपासून घरातही थोडं बदललं होतं. मी ओरडणं कमी केलं. गोळी घेतली का हे विचारायला मी एक खूण शोधली, ती बाबांनी चुकीची ठरवून दुसरी दिली. मिक्सर चालू असताना आम्ही दोघं सगळ्यात जास्त बोलायला लागलो. नवऱ्याला काही कळायचं नाही आणि त्याचं त्याला वाईट वाटायचं, मग बाबांनी त्यालाही जॉबर शिकवला. मी घरात आले की आता तो मिशी पिळतो.

पण ट्रंक भरलेली होती आणि तिकीट जायचंच होतं. मी विचारलं नाही. रोज सकाळी वाटायचं, आज विचारू, बाबा, राहणार का हो तिथे? आणि रोज मी ते वाक्य गिळलं. कोकणी माणसाचा हट्ट, त्यात त्यांचं स्वतःचं घर, स्वतःचं अंगण. त्यांना हवं ते त्यांनीच सांगावं. मी त्यांचं वाक्य पुरं करणार नव्हते.

जायच्या दिवशी मुलुंडच्या नाक्यावर एसटीच्या जादा गाड्यांची रांग लागली होती. नवऱ्याने ट्रंक आत ठेवली. बाबांना खिडकीची जागा मिळाली, पण काच गच्च बसलेली, सरकेना. इंजिन चालू, कंडक्टरची शिट्टी, आरत्या म्हणणारी मंडळी, झांजा. मी काचेखाली उभी राहून ओरडायला लागले, "गोळ्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात—"

बाबांनी काचेआडून हात वर केला. मी थांबले.

त्यांनी दोन बोटं डोळ्यांकडे नेली. मग ती पुढे वळवून आधी माझ्याकडे दाखवली, मग माझ्या मागे, आमच्या घराच्या दिशेला. हवेत बोट एकदा गोल फिरवलं. तळवा छातीवर टेकवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी उजवा हात छातीवर सपाट ठेवला आणि मान हलवली. ते मागे टेकून बसले, आणि गाडी सुटली.